वेताच्या खुर्चीमागे

मिस्त्रींनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता. त्यामुळे मध्येच अडकणारी कुठलीही वस्तू दिसली की त्यांना तिच्याविषयी एक प्रकारची आपुलकीच वाटायची. निवृत्त झाल्यावर घरातला नळ, इस्त्री, दाराची कडी असं सगळं त्यांनी इतकं वेळेवर दुरुस्त केलं की बायको म्हणायची, "आता काहीतरी बिघडू द्या हो, नाहीतर माझ्या मागे लागाल."

म्हणून टीव्हीवरचं चित्र अडखळायला लागलं तेव्हा ते मनातून खूशच झाले. पण खुशी फार टिकली नाही. रविवारी दुपारी त्यांच्या मुलीची शेवटची शर्यत होती. घरात तिला सगळे मासोळी म्हणत. पाण्यात पडली की बाहेर यायचं नाव घ्यायची नाही, म्हणून. या शर्यतीनंतर ती पोहणं सोडून शिकवायला लागणार होती. आईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, प्रवास शक्यच नव्हता. शर्यत इंटरनेटवर थेट दिसणार होती, आणि बायकोने एवढंच म्हटलं होतं, "मला तिचा हात भिंतीला लागताना बघायचाय. चित्र अडकलं की फिरते ती गोल चकरी नकोय."

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा मिस्त्रींचा धंद्यातला नियम. दोन बदलल्या की कशाने बरं झालं ते कळत नाही. त्यांनी आधी राउटर बंद करून चालू केला. मग त्याचं चॅनल बदललं. मग शेजाऱ्यांचं वायफाय आड येतंय का ते पाहिलं. बातम्या लावल्या की चित्र लोण्यासारखं चालायचं. मासोळीच्या जुन्या शर्यती लावल्या की दोन हात मारून ती पाण्यातच गोठायची.

त्यांनी इंटरनेटच्या कंपनीत फोन लावला. पलीकडची मुलगी गोड होती आणि घाईतही नव्हती.

"राउटर आणि टीव्हीच्या मध्ये काय आहे, काका?"

"काही नाही. एक वेताची खुर्ची आहे. रिकामी."

"तिथे कोणी बसतं का? माणसाच्या अंगात पाणी फार असतं ना, ते सिग्नल अडवतं."

"रिकामी म्हटलं ना मी," मिस्त्री म्हणाले. आवाज थोडा चढलाच.

पण माणूस पद्धतशीर. फोनवर सिग्नल मोजायची सोय होती. एक जुनी शर्यत लावून, फोन हातात धरून ते खोलीभर फिरले. सगळीकडे भरपूर सिग्नल. खुर्चीच्या पाठीमागे मात्र एकदम खड्डा. फोन डोक्याच्या वर नेला की सिग्नल परत यायचा, पाठीच्या उंचीवर आणला की जायचा. त्यांनी बातम्या लावल्या, तर खड्डा नाहीसा. मग बायकोला खुर्चीत बसवलं. ती कुरकुरत बसली, खुर्चीही कुरकुरली. फोन तिच्यामागे धरला. खड्डा हुबेहूब तेवढाच, त्याच उंचीवर. ती उठली आणि तो भरून आला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. तपासतोय."

त्यांनी खुर्ची उचलून गॅलरीत नेऊन ठेवली आणि पुन्हा शर्यत लावली. थोडा वेळ चित्र चाललं. मिस्त्री हसून वळणार तोच मासोळी गोठली. ते फोन घेऊन खुर्चीच्या जागी गेले. पाठीच्या उंचीवर आता सिग्नल चांगला होता. फोन हळूहळू खाली नेला. गुडघ्याच्या खाली, फरशीच्या जवळ, खड्डा होता. रुंदी तीच.

लिफ्टच्या अंधाऱ्या शाफ्टमध्ये मिस्त्री बिनधास्त उतरायचे, पण स्वतःच्या बैठकीच्या खोलीत त्यांना पहिल्यांदाच भीती वाटली. बायकोपासून लपवावं म्हणून ते उगाच वायर चाचपू लागले. पण इतक्या वर्षांच्या संसारात काय लपतंय?

"खाली बसलंय का?" तिने विचारलं.

मिस्त्रींनी मान हलवली.

"मग ती खुर्ची आणा परत. फरशी गार आहे."

त्यांनी खुर्ची आणून जागेवर ठेवली. नवल म्हणजे त्यानंतर त्यांना बरं वाटलं. पाहुणा उभाच राहिलेला असावा आणि कोणाच्या तरी लक्षात येऊन त्याला बसायला द्यावं, तसं.

"कोण असेल गं?"

"मला काय ठाऊक! पोरीची शर्यत बघायला येतंय ना, मग आपलंच असेल कोणीतरी." ती सहज बोलून गेली.

रविवारी दुपारी दोघं सोफ्यावर, एक या टोकाला, एक त्या टोकाला बसली. पडद्यावर निळं पाणी आणि टोप्या घातलेल्या मुली. मासोळीने गॉगल ठीक केला.

शिट्टी झाली. सगळ्या झेपावल्या.

मासोळी हवेतच गोठली. गोल चकरी फिरू लागली.

"अहो!" बायको रडवेली झाली. "करा ना काहीतरी!"

मिस्त्री उठले. राउटरकडे गेले नाहीत. खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले.

मग बायकोच खुर्चीकडे बघून बोलली. "तिथून नीट दिसत नसेल. इकडे या. जागा आहे."

वेत कुरकुरला.

चकरी गेली.

पाणी खळाळलं. मासोळी चौथी होती. मग तिसरी. मिस्त्री उभ्याउभ्याच ओरडत होते, बायको मांडीवर थापा मारत होती. शेवटच्या टप्प्यात मासोळीने मान वर न करता हात मारले, आणि तिचा हात भिंतीला लागला. दुसरी! स्पष्ट, एकही झटका नाही. तिने गॉगल वर केला आणि थेट कॅमेऱ्यात हसली.

दोघंही रडली. इतकं सुख त्या खोलीत कित्येक दिवसांत आलं नव्हतं.

डोळे पुसून मिस्त्रींनी सवयीने फोन काढला आणि खुर्चीमागे धरला. सिग्नल पूर्ण. वर, खाली, फरशीपाशी, सगळीकडे पूर्ण.

"गेलं," ते म्हणाले. थोडं वाईटही वाटलं त्यांना.

खिडकीतून वारा येत होता. बायकोने सोफ्याच्या हातावरची शाल ओढून घेतली होती. अर्धी स्वतःच्या गुडघ्यांवर, अर्धी शेजारच्या मोकळ्या जागेवर.

"पुन्हा लावा ना," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

"थंडी वाजतेय का तुला?"

"मला नाही."

मिस्त्रींनी रिमोट उचलला आणि ते सोफ्याच्या आपल्या टोकाला, अगदी कडेला बसले. शालीचा पलीकडचा अर्धा भाग सोफ्यावर सपाट पडलेला नव्हता.