हाक न देता सोडलेला दोर

१९३४ च्या वैशाखात धोंडीराम ओव्हरसियर नाशकाहून पेठच्या डोंगरात विहिरी मापायला गेला. कुठल्या पाड्याला किती खोल पाणी, याचा नकाशा करायचा होता. पाण्याची खूण मिळाली, तर सरकारी सुरुंग लावून विहीर खोल होणार. 'कोरडी' लिहिलं, की पाडा संपला. आणि हे ठरवणार कोण? तर स्वतःच्या बुटावरची धूळ पुसायलाही ज्याला दुसरा माणूस लागायचा, तो!

सोबत देवराम शिपाई होता. म्हातारपणी हे सांगायचा तोच. खोटं रचायला लागते तेवढी अक्कल देवरामाला नव्हती, म्हणून ऐकायचं.

दिवसा बाया उपसतात, म्हणून विहीर रात्री मापायची. दोराला खडू फासायचा, टोकाला लोखंडी वजन बांधून खाली सोडायचं. जिथवर खडू भिजला, तिथवर पाणी. अमावास्येच्या रात्री दोघे खिरपाड्याच्या विहिरीवर पोचले. काठावर पाड्यातली अक्काबाई वाट बघत बसली होती.

"सायेब, आधी हाक द्या. 'खाली कोण हाय?' म्हणा, मंग दोर सोडा. आमची रीत हाय."

"का गं? बेडकांची परवानगी लागते?"

"बाया रातच्याला तळाशी उतरत्यात. कपारीतलं पाणी करवंटीनं भरत्यात. माझी जाऊ भागीबाई अशीच भरीत व्हती. वरून कुणी हाक न देता पोहरा सोडला... डोक्यात बसला. गेली."

"आज आहे का कुणी खाली?"

"आज नाय."

"मग हाक कुणाला मारू? तुझ्या मेलेल्या जावेला?" आणि हसला. फार शहाणं बोलल्यासारखा हसला.

"पाणी कपारीत हाय, सायेब. वरून नाय कळायचं. उतरून बघा. पोरं तहानेनं..."

"मी? या बिळात? चल, हो बाजूला."

त्याने दोर सोडला.

दगडावर लोखंड आपटायला हवं होतं. आवाज आला तो मऊ.

देवरामाने कंदील वर धरला. खालून खर्र... खर्र... करवंटी दगडावर घासत होती. मग तीही थांबली.

धोंडीरामाने दोर ओढला. येईना. पुन्हा ओढला. येईना.

"हाक..." खालून आलं. बाईचा आवाज. दमलेला.

"हाक... का नाय दिली?"

अक्काबाईने पदर तोंडात कोंबला. आवाज तिच्या ओळखीचा होता.

दोर एकदम सैल झाला. वर आला तो तुटका. वजन नाही. खडू पांढराफटक.

मापाप्रमाणे 'कोरडी' लिहायला हवं होतं. त्याने 'पाणी आहे' लिहिलं. दयेने नव्हे. दया असती तर आधीच उतरला असता. खाली पाणी भरणाऱ्या बाईला आपण 'कोरडी' लिहून खोटं पाडलं, तर ती नाशकापर्यंत येईल, या भीतीने लिहिलं. आणि पहाटेआधी घोड्यावर बसून पळाला, देवरामाला मागे टाकून.

हिवाळ्यात सुरुंग लागले. कपारीखालचा, कुठे चीर नाही असा पुरुषभर अखंड काळा पाषाण फोडला, तेव्हा पाणी उसळलं. सगळा पाडा काठावर धावला.

पाण्यासोबत त्या पाषाणाखालून एक लोखंडी वजन वर आलं. त्याला दोराचा तुकडा तसाच बांधलेला.

अक्काबाईने तो हातात घेतला. दोर कोरडा होता. खडू तिच्या बोटांना लागला.