बाटलीतलं पेट्रोल

दादा पुढच्या सीटवर बसून पट्टा बांधून मोकळासुद्धा झाला, आणि भिंग मात्र अजून पंखाखालीच घुटमळत होती. जिथे तिथे डोळे लावून बघायची खोड, म्हणून मामाने सुट्टीत तिचं हे नाव पाडलं होतं. आज दादाची पाळी, उद्या तिची. मामा आणि त्याचा दोस्त, अशा दोघांच्या मालकीचं ते चिमुकलं विमान!

मामाने पंखाखालच्या तोटीतून बाटलीत थोडं पेट्रोल काढलं, उजेडात धरलं, कणभरही कचरा नाही म्हणून खूश झाला आणि बाटली भाचीच्या हातात देऊन आत जाऊन बसला. भिंगने बाटली डोळ्यांजवळ धरली. परवा यात निळसर पेट्रोल होतं. आमच्या विमानाचं पेट्रोल निळंच असतं, असं मामानेच ऐटीत सांगितलं होतं. आणि आज तर नळाच्या पाण्यासारखं बिनरंगी!

"मामा, हे पाणी आहे."

मामा हसला. पाणी असतं तर पेट्रोलखाली वेगळं दिसलं असतं, म्हणाला.

"पण वर पेट्रोल असेल तर ना? हे सगळंच पाणी आहे."

हिला घरी पाठव, नुसता वात आणते, असं दादा आतून कुरकुरला. मामाचा हात किल्लीकडे गेला. भिंग रडायच्या बेतात होती. पण रडायला वेळ कुठे होता? ती धावत दाराशी गेली आणि तिने बाटली सरळ मामाच्या हातावर रिकामी केली.

"पेट्रोल चटकन उडून जातं ना? मग बघ उडतंय का."

तिघेही त्या हाताकडे बघत राहिले. हात ओलाच. वासही नाही. मामाचा चेहरा खाडकन उतरला. नळीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरू झालं असतं, विमान झाडांच्या वर गेलं असतं आणि तिथेच बंद पडलं असतं.

मामा वर चढून बघतो तर पंखातल्या टाकीचं झाकण सैल! पेट्रोल मामाने भरलं होतं आणि काल पाइपने विमान धुतलं होतं दोस्ताने. मामाने तिथूनच त्याला फोन लावला. दोस्त म्हणाला, झाकण तू घट्ट केलंस ना? तो मामावर विसंबला होता आणि मामा त्याच्यावर.

दादा गुपचूप खाली उतरला आणि त्याने भिंगचा हात घट्ट धरला. 

तेवढ्यात आईचा फोन आला, पोरगा उडाला का विचारायला. मामाने सरळ सांगून टाकलं.

"नाही, ताई. माझं विमान मी नीट तपासलं नव्हतं. तुझ्या लेकीने तपासलं, म्हणून आम्ही जमिनीवर आहोत."

मग त्याने दोन्ही भाचरांना जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.