बिनतेलाचे चार महिने

“चार महिने घरात तेलाचा थेंब नाही, आणि बाबांच्या रक्तातली चरबी दुप्पट! वहिनीच चोरून तळलेलं घालत असणार,” लेक दारातच पुटपुटली. वहिनीला ऐकू जाईल, अशा बेताने.

छडा लावायला तिने बोलावलेल्या बाईंनी, ज्यांना सगळे मावशी म्हणत, चष्मा पुसला. सोबतच्या निवृत्त कंपाउंडरांनी रिपोर्ट वाचला : ट्रायग्लिसराइड दोनशे दहावरून चारशे तीस.

चोरी सिद्ध झाली तर लेक बाबांना आपल्या घरी नेणार होती. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला तो म्हातारा खिडकीजवळच्या खुर्चीत गुमान बसला होता. त्याला जायचं नव्हतं.

स्वयंपाकघरात तेलाची बाटली सीलबंद. कढई माळ्यावर, बोटभर धुळीत.

“घ्या माझंच नाव,” सून म्हणाली. “तेलाविना अंगात ताकद कुठून येणार? म्हणून दोन वेळा मोठा ग्लास फळांचा रस देते. तोही गाळून.”

मुलगा म्हणाला, “मी फक्त बिस्किटांचा डबा भरतो. फॅट-फ्री!”

कंपाउंडरांनी डब्यावरचं वाचलं. “मैदा, साखर, ग्लुकोज… चरबी शून्य. वा!”

“आणि तुम्ही?” मावशींनी लेकीला विचारलं.

“मी दर रविवारी मध आणते. चांगला असतो.”

“बाटली किती दिवस पुरते?”

“पुढच्या रविवारपर्यंत.”

“यांचं खाणंपिणं आधी कोण बघायचं?”

बाबांनी तोंड उघडलं, तोच सुनेने रसाचा ग्लास पुढे केला.

“दुसरी कढई लपवलीय,” कंपाउंडर कुजबुजले.

“अहो, चरबी या घरात बाहेरून आलीच नाही,” मावशी म्हणाल्या. “ती बाबांच्या पोटात तयार झाली. तुम्ही तेल काढलंत आणि त्या जागी साखर भरलीत. रसातली, बिस्किटातली, मधातलीही. लागेल त्याहून जास्त झाली की यकृत तिचीच चरबी करून रक्तात सोडतं. गुन्हेगार तिघं आहेत, आणि तिघांनीही मायेनेच केलंय. डॉक्टरांना हे सगळं सांगा. थोडं तेल चालेल का, तेही विचारा.”

लेकीने वहिनीचा हात धरला. “चुकलं गं माझं.”

“पण तिघांनी एकच चूक कशी केली?” कंपाउंडरांना अजून उमगेना.

“कारण बाबा बोलायला लागले की प्रत्येकजण यांच्या हातात काहीतरी गोड ठेवतो. का, ते तुम्हीच सांगा, बाबा.”

म्हाताऱ्याने ग्लास खाली ठेवला.

“तुमची आई गेली,” तो म्हणाला. “आणि मला तिच्याबद्दल बोलायचंय.”