पाहुण्या ताईची दाढ

"मी या माणसाला ओळखत नाही!" चिमुरड्या खारूताईनं ठणकावून सांगितलं आणि ती मुलं सांभाळणाऱ्या ताईच्या पाठीमागे लपली.

दारातला तरुण अवाक झाला. बाहेर पाऊस रिपरिपत होता, त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, आणि सख्खी भाची त्याला ओळख द्यायला तयार नव्हती.

"अगं, मी मामा!"

"मामा काय, कोणीही म्हणेल," ताई म्हणाली. "मुलानं ओळखल्याशिवाय ते कोणाच्या हाती द्यायचं नाही, असा इथला नियम आहे. बसा त्या बाकावर."

बाक बालवाडीच्या मापाचा होता. तो बसला तेव्हा गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकले. तरी तो निमूट बसला. ताईला हसू येत होतं. पण नियम म्हणजे नियम.

शाळा सुटल्यावर आईबाप कामावरून येईपर्यंत मुलांना सांभाळणारं, वस्तीनंच चालवलेलं ते केंद्र होतं. ताई परदेश पाहायला म्हणून निघाली आणि इथल्या मावशीकडे उतरली. मावशीनं एके दिवशी तिला सोबत नेलं, "तासभर मुलांत बस" म्हणाली, आणि तेव्हापासून ती रोज येत होती. मुलं मात्र तिला नाव विचारत नसत. मदतीला येणारे सगळे चार दिवस राहून पुढच्या गावाला जातात, हे त्यांना पाठ होतं. त्यामुळे ती सगळ्यांची नुसती 'पाहुणी ताई'. गोळ्याबिस्किटं गालात साठवते म्हणून जिला खारूताई म्हणत, ती तेवढी तिच्याशी घरच्या भाषेत, मराठीत बोलायची.

थोड्या वेळानं खारूताईची आई धापा टाकत आली. बाकावरचा भाऊ पाहून तिनं कपाळावर हात मारला.

"कार्टे! आज दाढ दाखवायची म्हणून मामाला परका केलास होय गं?"

मामा दातांचा डॉक्टर होता! ताई कानापर्यंत लाल झाली. "माफ करा हं… मला वाटलं…"

"छे छे, बरोबर केलंत," तो उठत म्हणाला, आणि कळवळला.

"काय झालं?"

"काही नाही. दात उत्तम आहेत. गुडघे गेले."

दुसऱ्या दिवसापासून भाचीला न्यायला तोच येऊ लागला. दवाखाना संध्याकाळी रिकामा असतो, असं तो सांगायचा. रिकामा नसतो, असं खारूताई सांगायची. तो मुलांना खडूच्या भल्यामोठ्या दातावर ब्रश फिरवायला शिकवी, बुटांच्या नाड्या बांधून देई, आणि पाऊस असला की छत्री ताईच्या बाजूला इतकी कलती धरी की स्वतःचा डावा खांदा चिंब होई.

"तुम्ही भिजताय," ती म्हणे.

"हो का? मला कळलंच नाही," तो म्हणे… आणि छत्री तशीच धरी.

एकदा खारूताईच्या आईनं ताईला सहज विचारलं, "मग पुढचा मुक्काम कुठे?"

"अजून ठरलं नाही. पण महिनाअखेर निघेन."

तो पाठमोरा उभा राहून भाचीच्या कोटाची बटणं लावत होता. एक बटण त्यानं चुकीच्या काजात घातलं, पुन्हा काढलं, पुन्हा तिथेच घातलं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही. भाचीला आता आईच नेऊ लागली.

"त्याचं मनावर घेऊ नकोस," खारूताईची आई हळूच म्हणाली. "आमच्याकडे पाहुण्यांना जीव लावायचा नाही, असं मुलांना शिकवतो आम्ही. हा एवढा घोडा झाला, तरी त्याला जमत नाही."

त्या रात्री मावशीनं तिचं ताट पाहिलं. "जेवत का नाहीस? दात दुखतोय की काय?"

"नाही गं मावशी."

"मग दुखत असेल तिथला डॉक्टर गाठ," मावशी गालात हसली.

सकाळी ती केंद्राच्या मुख्य बाईंकडे गेली. वर्षभर राहू द्या म्हणाली. बाईंनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, आणि महिना संपायच्या आत परवानगी हाती आली. ती नाचायचीच बाकी होती. पण मग मनात आलं… त्याला आपलं राहणं नकोच असेल तर? सरळ विचारायचा धीर होईना. शेवटी ती त्याच्या दवाखान्यात जाऊन उभी राहिली.

"दाढ दुखते," ती म्हणाली.

तोंडावरच्या पट्टीमुळे त्याचे नुसते डोळे दिसत होते, आणि ते गोंधळले होते. त्यानं खुर्ची मागे कलती केली, दिवा ओढला, छोटा आरसा तिच्या तोंडात घातला.

"ही?"

"आं."

"की ही?"

"आं आं."

त्यानं आरसा एकेका दाढेवरून फिरवला. मग हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या एकाही दाढेला काही झालेलं नाही."

तोंडात आरसा, ती बोलणार काय?

"आता तोंड मिटू नका. तुम्ही बोललात की माझा धीर जातो. मी आलो नाही, कारण… तुम्ही जाणार. सवय नको लागायला, असं ठरवलं. पण ती लागून गेलीय. तुम्ही थांबा, असं म्हणायचा मला काही अधिकार नाही. नुसतं… निघताना सांगून जा. मी निरोपाला येईन. एवढंच."

"आं आं आं!"

"नाही येऊ?"

तिनं त्याचं मनगट धरलं आणि आरसा बाहेर काढला.

"अहो, मी जात नाहीये! वर्षभर राहायची परवानगी मिळाली. तेच सांगायला आले होते, आणि तुम्ही तोंडच उघडं ठेवायला लावलंत!"

तो मटकन स्टुलावर बसला. इतके दिवस छातीत कोंडलेला श्वास एकदम सुटला आणि पट्टी फुगून खाली बसली. ती काढायचंही त्याला सुचेना. तिनंच हात लांबवून ती हनुवटीखाली ओढली. खाली एक वेडंवाकडं, न आवरणारं हसू होतं.

"थांबा, तुम्हाला उठवतो," म्हणत त्यानं घाईनं बटण दाबलं. ते चुकीचं. खुर्ची वर येण्याऐवजी आणखीच आडवी झाली. ती छताकडे पाहत खळखळून हसत सुटली.

"सॉरी, सॉरी… एक मिनिट…"

"राहू द्या हो," ती म्हणाली. त्याचा हात तिनं अजून सोडला नव्हता. "आता मला कुठे जायची घाई आहे?"