गाळातलं दार

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मन्मथ शेटेच्या डोळ्यांत मुंग्या भरल्या. खऱ्या नव्हे, चॅनल गेल्यावर टीव्हीवर दिसतात तशा, पांढऱ्या-काळ्या, सळसळणाऱ्या. डोळे मिटले तरी त्या हलत राहायच्या.

त्यात नवल नव्हतं. माजलगावात केबल आली तेव्हापासून मन्मथ बाजारपेठेतल्या एका दहा बाय दहाच्या खोलीत बसत होता. पुढ्यात सहा टीव्ही, मागं यंत्रांचा ढीग, भिंतीला गरम वाऱ्याचा पंखा. कुठल्या गल्लीत चित्र हललं की फोन यायचा. सकाळच्या भजनापासून रात्रीच्या पिक्चरपर्यंत तो तिथंच. घरी जेवायला गेला तरी तिथंही टीव्ही चालूच. पोरगा सिद्धाराम बारावीसाठी लातूरला गेल्यापासून तर नवरा-बायकोत बोलणं असं उरलंच नव्हतं. ताटं समोर यायची, मालिका लागायची, ताटं उचलली जायची.

बीडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून चष्म्याचा नंबर दिला नाही. म्हणाले, "पंधरा दिवस पडद्याकडे बघायचं नाही. त्यानंतरही आठवड्यातून दोन दिवस तरी उघड्यावर जायचं. डोळ्यांना लांबचं बघू द्या आणि हातांना काहीतरी काम द्या."

मन्मथ बाहेर येऊन हसला. नीलाबाई हसली नाही. एसटीत खिडकीशी बसल्यावर ती हळूच म्हणाली, "अवो, आमच्या गावाकडं जाऊ. पाणी उतरलंय म्हनं."

तिचं गाव धरणात गेलं होतं. लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील तेव्हा. ऐन उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की गावाच्या जोत्यांचे दगड वर यायचे, एवढं मन्मथ ऐकून होता. तिथं जायचं म्हणून ती कधी बोलली नव्हती. त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

खोली त्यानं भागीदार धर्मराजवर सोपवली. हातांना काम म्हणून एक करवत, रंधा, दोन पटाश्या आणि हातोडा घेतला. शाळेत असताना सुतारकामाच्या तासाला त्यानं एक पाट केला होता. मास्तरांनी तो वर्गात फिरवून दाखवला होता. आयुष्यात कुणी त्याच्या हाताचं कौतुक केलं ते तेवढंच. वखारीतून बाभळीच्या फळ्या नि दोन वासे घेऊन तो आणि नीलाबाई एका रविवारी सकाळीच निघाले. ती स्कूटरवर मागं, लाकडं भाड्याच्या टमटममधून.

पाणी खरंच लांब गेलं होतं. उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी काकड्या-टरबुजं लावली होती. पुढं मात्र नुसता भेगाळलेला गाळ, शिंपल्यांचा चुरा आणि मधेच दगडांच्या रांगा. नीलाबाई स्कूटरवरून उतरली आणि कुणाला न विचारता चालत सुटली. दोनदा वळली, जशी गल्लीतून वळावी तशी. मग एका ठिकाणी थांबून तिनं चपला काढल्या. समोर दोन घडीव पायऱ्या होत्या. त्यांच्या वर काहीच नव्हतं.

"हे आमचं," ती म्हणाली.

चपला काढलेल्या पाहून मन्मथनंही काढल्या.

त्या दिवशी त्यानं बाकडं करायला घेतलं. साधंच, दोघांना बसून पाणी बघता येईल एवढं. दुपारी भाकरी आणि ठेचा खाल्ला. नीलाबाई एकेक दगड दाखवत होती. इथं चूल, इथं तिच्या वडलांची, आप्पांची पेढी, इथं पावसाळ्यात साप निघाला होता. वीस वर्षांच्या संसारात ती एवढं सलग बोलल्याचं त्याला आठवेना. संध्याकाळपर्यंत दोन पाय बसले, पण एक डुगडुगत होता. खाच मोठी झाली होती. बाकडं तसंच ठेवून, हत्यारं तेवढी घेऊन ते परतले.

पुढच्या रविवारी पाय डुगडुगत नव्हता.

मन्मथनं खाली वाकून पाहिलं. खाचेत एक पातळ पाचर बसवलेली होती, इतकी बेमालूम की बोटाला जोड लागत नव्हता. आसपास एक ढलपी नव्हती.

शेजारी काकड्यांच्या वेलांना पाणी घालणारी छबुबाई होती. गाळात तिचा तुकडा होता आणि दिवसभर ती तिथंच असायची. त्यानं तिला विचारलं, "मावशी, इथं कुणी सुतार येतो का?"

"न्हाई बा. कोन येतंय हितं?"

"मग हे कुणी केलं?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. "तुमीच की वो शेट. काल दुपारी ठोकत बसलतात. पाठ करून. मी हाक मारली, तुमी वळलाच न्हाईत."

काल दुपारी मन्मथ घरी अंधाऱ्या खोलीत पडला होता. डोळ्यांत औषध घालून, वर ओली घडी ठेवून. नीलाबाई त्याच्या उशाशी बसून घडी बदलत होती.

त्यानं बायकोला सांगितलं. ती बाकड्यावरून हात फिरवत म्हणाली, "कुनी का असंना. चांगलं करतंय ना?"

तिथून ते आठवड्यातून दोनदा जाऊ लागले, रविवारी आणि गुरुवारी. मन्मथच्या डोळ्यांतल्या मुंग्या कमी होत गेल्या. लांबवरच्या पाण्यावर बसलेला बगळा त्याला दिसू लागला, त्याची मान कुठं वळते तेही. आणि दर खेपेला त्यानं चुकवलेलं काम दुरुस्त झालेलं असायचं. कधी कड साफ केलेली, कधी फळीची गाठ तासलेली. एकदा त्यानं मुद्दाम फळी वाकडी कापून ठेवली. ती मात्र कुणी सुधारली नाही. तिच्यावर फक्त नखानं ओढल्यासारखी एक बारीक, सरळ रेघ होती. इथून काप, असं सांगणारी.

मन्मथनं तिथूनच कापलं. करवत लोण्यातून जावी तशी गेली. त्याचा ऊर का भरून आला ते त्याला कळलं नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी कुणीतरी त्याला हाताला धरून शिकवत होतं.

नीलाबाई जाताना फडक्यात दोन भाकरी बांधून बाकड्यावर ठेवू लागली. परत आलं की भाकरी नसायच्या. कुत्र्यानं नेल्या म्हणावं, तर फडकं धुऊन, चौघडी घालून ठेवलेलं असायचं. ओलं असायचं.

बाकडं पुरं झालं त्या दिवशी दोघं त्यावर बसली. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. भर दिवसा, उघड्यावर, असं तिनं कधी केलं नव्हतं. मग म्हणाली, "आता एक दार करा."

"दार? कशाला?"

"गाव उठलं तवा मी माहेरीच होते. आमी निघालो तवा आप्पांनी दार काढून ट्रॅक्टरवर टाकलं. समदेच काढत होते, दारं, तुळया. नव्या वस्तीत कामाला येतील म्हनून. ट्रॅक्टर हलला आन् मी मागं वळून बघितलं, तर घर उघडं. आतली देवळी दिसत होती, चूल दिसत होती. उघडं घर टाकून आलो आमी." तिनं बाकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "मला आजून सपनात तेच दिसतं. दार लावून निघायचं राह्यलं."

बायकोला इतकी वर्षं काय सलत होतं ते मन्मथला असं एका दुपारी कळलं. त्यानं सागवानाच्या जुन्या फळ्या मिळवल्या, बिजागऱ्या आणल्या. पायऱ्यांच्या वर, जोत्यात दगड ठासून चौकट उभी केली. मोकळ्या रानात उभी चौकट. एका बाजूनं बघितलं की तिच्यातून पाणी दिसायचं, दुसऱ्या बाजूनं छबुबाईचे वेल.

आता मात्र चुका दुरुस्त होत नव्हत्या. काम पुढं सरकलेलं असायचं. गुरुवारी तो चार फळ्या जोडून जायचा, रविवारी सहा जोडलेल्या सापडायच्या. सहावीवर त्याच्याच रंध्याची खूण असायची, तो खरखरीत पट्टा, पात्याला पडलेल्या खाचेमुळं उमटणारा. रंधा तर मधले दिवस घरी पलंगाखाली असे.

"नीला, आपण थांबू या का?" त्यानं एकदा विचारलं.

"थोडंच राह्यलंय," ती म्हणाली. तिचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. ती दाराशी कान लावून उभी होती, आतल्या खोलीत कुणी निजलंय का बघावं तशी.

जूनच्या शेवटी पाऊस सुरू झाला. वरून पाणी सुटणार, धरण भरणार, असं गावात बोललं जात होतं. त्या रविवारी दार बिजागऱ्यांवर चढलं. कडी-कोयंडा अजून लावायचा होता. मन्मथ म्हणाला, "गुरुवारी लावू."

बुधवारी दुपारी तो खोलीवरून जेवायला घरी आला, तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "वहिनी सकाळीच गेल्या की. मला वाटलं तुमच्याबरुबर."

त्यानं स्कूटर काढली.

वाटेवर चिखल झाला होता. पाणी केव्हाच वर सरकलं होतं. काकड्यांचे खालचे वेल बुडाले होते. छबुबाई उरलेला माल पाटीत भरत होती. तो तिला काही विचारायला थांबला नाही.

पायरीवर नीलाबाईच्या चपला होत्या. शेजारी-शेजारी, नीट.

दार बंद होतं.

त्यानं ढकललं. दार हललं नाही. आतून कडी लावल्यावर दार जसं जरासं दबून परत येतं, तसं परत आलं. त्यानं कडी लावलीच नव्हती. कडी घरी, पिशवीत होती.

तो चौकटीला वळसा घालून पलीकडं गेला. पलीकडं कुणी नव्हतं. ओला गाळ, आणि वीस पावलांवर पाणी. गाळात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं, त्याचं स्वतःचं सोडून.

त्या बाजूनं दाराला ना कडी होती ना कोयंडा. नुसत्या फळ्या. त्यानं इकडूनही ढकललं.

इकडूनही आतून लावलेलं होतं.

"नीला!"

पाण्याचा बारीक आवाज.

"नीला, मी आलोय. दार उघड."

तेव्हा आतून तिचा आवाज आला. घाबरलेला नाही. घरात काम करता करता बायका बोलतात तसा.

"आले. थांबा थोडं."

त्याला वाटलं, आत आणखी कुणीतरी हळू आवाजात काही म्हणालं, आणि ती हसली.

तो धावत पायऱ्यांशी आला. कडी निघाल्याचा आवाज झाला. दार अर्धं उघडलं आणि नीलाबाई अंग चोरून बाहेर आली. मागं वळून तिनं दार ओढून घेतलं, दोन्ही हातांनी, घट्ट. मग चपला घातल्या.

"आता लागलं नीट," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका निवांत त्यानं कधी पाहिला नव्हता. "चला घरी."

त्यानं स्कूटर चालू केली. ती मागं बसली, नेहमीसारखा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वाटेवर छबुबाई पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. मन्मथनं मान हलवली. ती नुसती बघत राहिली.

चार दिवसांत तिथं पुरुषभर पाणी झालं.

त्यानंतरचे महिने मन्मथच्या संसारातले सगळ्यात चांगले महिने होते. नीलाबाई गुणगुणायची. जेवताना टीव्ही बंद असायचा. लातूरहून सिद्धाराम आला तेव्हा तिघं अंगणात बसून गप्पा मारत राहिली, आणि पोरगा जाताना म्हणाला, "आई किती बदलली!" मन्मथ खोलीवर दोनच तास जाई. उरलेल्या वेळात परसात लहानसहान वस्तू करी. पाट, मांडणी, शेजारच्या पोरांना लाकडी ट्रक. हात आता चुकत नव्हता.

दसऱ्याच्या आधीच्या बाजारात त्याला छबुबाई भेटली. भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसली होती. त्याला बघून ती उठूनच उभी राहिली.

"शेट, बाई कशा हायत? लागला का पत्ता?"

"कसला पत्ता? घरी आहे ती."

ती शेंगा मोजायची विसरली. "मंग बरं हाय," ती सावकाश म्हणाली. "मला लई घोर लागलता. त्या दिशी मी बघितलं ना. बाई आत गेल्या आन् तुमी मागनं आलात. मंग तुमी एकलेच गाडीवर गेलतात. मला मान हलवलीत. म्या म्हनलं, बाईला हितंच ठिवून कावून चाललेत? मी आंधार पडंस्तोवर थांबले, शेट. त्या भायेर आल्याच न्हाईत. आन् मंग पानी आलं."

मन्मथ शेंगा घेऊन घरी आला. ऊन कलत होतं. नीलाबाई अंगणात बसून लसूण सोलत होती. तोच कपाळावरचा व्रण, तीच मान वाकडी करून वर बघायची तऱ्हा.

"लौकर आलात?"

"हो."

तो तिच्या शेजारी बसला. मग तिचा हात हातात घेतला. तिनं घेऊ दिला, आणि लाजून इकडंतिकडं बघितलं.

नळाला तीन दिवस पाणी आलं नव्हतं. अंगणातला हौद कोरडा होता, भांडी तशीच पडली होती. तिच्या हातांना लसणाचा वास होता. आणि पाचही बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी.

मन्मथनं ती बोटं मुठीत धरली आणि ऊब येईपर्यंत सोडायची नाहीत असं ठरवलं. दिवेलागण झाली, तरी तो तसाच बसून होता.