खाली ठेवलेली कातर

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात यल्लव्वा गेली. दिवसकार्य उरकून पाहुणे पांगले, आणि निपाणीच्या त्या दोन खणांच्या घरात तिच्या वस्तूंची वाटणी करायला थोरली लेक अक्काताई, धाकटा कृष्णात आणि त्याची बायको अंबुबाई एवढीच माणसं उरली.

वाटणी कसली म्हणा! बोरमाळ लेकीला, तांब्याचा हंडा सुनेला, जुनी लुगडी शेजारणींना. भांडायचं म्हटलं तरी काही नव्हतं. अक्काताई बेळगावात खासबागेत मास्तरीण. बोरमाळ रुमालात बांधून ती एसटी गाठायला उठणार, तोच अंबुबाई चाचरत म्हणाली, "आक्का, ह्या कातरीचं काय करायचं?"

कातर मधल्या खांबापाशी भुईवर पडली होती. विडीची पानं कापून कापून तिच्या कड्या झिजल्या होत्या. याच कातरीवर यल्लव्वानं लेकीला शिकवून मास्तरीण केलं होतं.

अक्काताईनं कातर ओळखली. संक्रांतीला ती आली होती, तेव्हा याच खांबापाशी आईनं ही कातर तिच्यापुढं ठेवली होती. कातर कुणी हातात देत नाही, भांडणं लागतात. देणाऱ्यानं भुईवर ठेवायची, घेणाऱ्यानं उचलायची.

"ही तुला गं," आई म्हणाली होती. "मी हाय तवर घे."

"मी काय करू? विड्या वळू व्हय आता?" अक्काताई हसली होती, आणि तंबाखूचा वास लागेल म्हणून हात पदराखाली घेऊन बसली होती. आईचं तोंड एवढंसं झालं होतं. ते तिला तेव्हा दिसलंही होतं. आता त्या हसण्याची तिला लाज वाटत होती.

"आत्याबाईंनी ती परत उचलली न्हाय," अंबुबाई म्हणाली. "दिलेलं माघारी घेत न्हाईत म्हनल्या. दुसरी कातर आनली."

"मग फळीवर ठेवायची की."

"रोज ठेवते. पुन्यांदा हितंच येती."

"उंदीर ओढत असतील."

कृष्णात मान खाली घालून बोलला, "लोखंड ओढतंय व्हय उंदीर, आक्का?"

मास्तरणीला कारण सापडल्याशिवाय चैन पडतंय होय! तिनं अंबुबाईला कातर ट्रंकेत ठेवायला लावली, स्वतः कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. चहा झाला. अंगणात पापड वाळत होते. शेजारी कुणीतरी कानडीत पोराला रागावत होतं. भर दुपारचं लख्ख ऊन दारातून खांबापर्यंत आलं होतं.

कप खाली ठेवायला ती वळली.

कातर खांबापाशी होती. कड्या तिच्याकडं, पाती पलीकडं. समोरच्याला देताना ठेवतात तशी.

तिनं ट्रंक उघडली. आत नुसता तंबाखूचा वास. कृष्णात बाहेर गेला. अंबुबाई त्याच्या मागोमाग गेली.

अक्काताई खांबापाशी बसली. संक्रांतीला बसली होती तशीच. तिला भीती वाटायला हवी होती, पण आठवलं ते आईचं एवढंसं झालेलं तोंड.

"घेते गं आई," ती म्हणाली. "चुकलं माझं."

तिनं कडीत बोटं घातली.

कडी ऊबदार होती.

तिनं उचलायला जोर लावला, पण कातर येईना. अडकली नव्हती, जडही नव्हती. पलीकडून कुणीतरी पाती चिमटीत धरून ठेवली होती.

"घेते की गं. सोड आता."

बराच वेळ काही झालं नाही.

मग कडी तिच्या बोटांतून हलकेच सुटली, आणि कातर पलीकडच्या बाजूनं माघारी उचलली गेली.