झाशीच्या पुढे न गेलेला लंडनवाला

पाटणकर बाजारात आईचा ब्लाउज आणायला गेलेली प्रांजली शिंप्याचा म्हणून भलताच जिना चढली, आणि वर पोचते तर काय — सहा टेबलं, मफलरमध्ये गुंडाळलेली अकरा माणसं आणि सगळं चिडीचूप! बुद्धिबळाचा क्लब होता तो. क्लब चालवणाऱ्या नानांनी चष्म्यावरून पाहिलं.

"खेळता येतं? मग बस त्या गुरुप्रसादसमोर. त्याचा भिडू आला नाहीये."

"पण माझा ब्लाउज…" म्हणता म्हणता ती बसलीसुद्धा! समोरच्या मुलाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, उंट बाहेर काढला आणि प्याद्यांची अशी पक्की भिंत बांधली की बाईसाहेबांनी तासभर धडका मारूनही काही हललं नाही. डाव बरोबरीत सुटला.

"ह्या मांडणीला लंडन म्हणतात," तो हळूच म्हणाला.

"अच्छा! गेला आहात कधी?"

"झाशीच्या पुढे नाही."

प्रांजली एवढी खळखळून हसली की नानांनी "शूः!" केलं.

क्लबात एक रीत होती. हरेल त्याने एकट्याने सोंगट्या डब्यात भरायच्या, जिंकेल त्याने खुशाल घरी जायचं. बरोबरी झाली तर मात्र दोघांनी मिळून भरायच्या. वर्षभरात दोघांची बारा वेळा गाठ पडली आणि बाराही वेळा बरोबरी! काळा घोडा हटकून दोघांच्या हाताला एकदमच लागायचा… 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही. पण पुढे काय? पुढे काही नाही! हा पठ्ठ्या बोलण्यातही लंडनच खेळायचा. थंडीवर बोलेल, कचोरीवर बोलेल, मनातलं एक अक्षर नाही. प्रांजलीला तो आवडत होता, अगदी मनापासून, आणि त्याचाच तिला राग येत होता.

अशात भोपाळची स्पर्धा आली. क्लबातून एकच जण जाणार, आणि निवडफेरीचा शेवटचा डाव नेमका ह्या दोघांचा. गुरुप्रसाद अर्ध्या गुणाने पुढे होता, म्हणजे बरोबरी झाली तरी तोच जाणार. प्रांजलीला जिंकायचंच होतं.

"दयामाया नको हं," तिने बजावलं. "मुद्दाम सोडलास तर तोंड नाही बघणार तुझं. पक्का!"

"नाही सोडणार."

आठवडाभर ती नानांकडे बसली होती. नाना एकच म्हणाले, "भिंतीवर धडका कशाला मारतेस गं? उंट घर सोडून गेला की मागे कुणाला राखण उरत नाही, ते बघ."

रविवारी गुरुप्रसादने उंट बाहेर काढला. प्रांजलीने बाजूचं प्यादं रेटलं, आणि तिचा वजीर तिरका बाहेर पडून थेट उंटामागच्या एकट्या प्याद्यावर रोखला. गुरुप्रसादचा चहा निवला. ते प्यादं गेलं, तासाभराने दुसरं, आणि अखेर प्रांजलीचं एक प्यादं पार शेवटच्या घरापर्यंत चालत गेलं.

त्याने राजा आडवा केला. "भोपाळ तुझं."

"सच्ची सांग, सोडलास?"

"शपथ, नाही. आज जिंकायलाच बसलो होतो. आधी दोनदा मात्र… जिंकत असताना बरोबरी मागितली होती."

"काय?"

"दोनदाच! बाकीच्या दहा खऱ्या."

"पण का?"

तो डब्याकडे पाहत राहिला. "हरली असतीस तर मला घरी जावं लागलं असतं."

प्रांजली ताडकन उठली आणि जिना उतरून गेली. क्लब रिकामा झाला. गुरुप्रसाद एकटाच सोंगट्या भरू लागला. एवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

"पुन्हा असले उपकार केलेस ना, तर बघ!" प्रांजली समोर बसली आणि तिने वजीर उचलून डब्यात ठेवला.

"अगं, तू जिंकलीस… रीत आहे."

"डाव जिंकले. डबा वेगळा. आणि तुझी एक चाल राहिलीय, भिंतीआडून नको खेळूस."

कान पुन्हा लाल. "प्रांजली… मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून."

"अरे यार, एवढ्याला वर्ष लागलं?" म्हणताना तिचेच डोळे भरून आले. "मलाही तू आवडतोस, वेड्या."

दिवे मालवायला आलेल्या नानांना डब्यात एकतीसच सोंगट्या दिसल्या. काळा घोडा दोघांच्या हातात होता, आणि कुणीच तो सोडत नव्हतं.